व्रतापासून व्यवस्थेपर्यंत

निसर्गाला झेपेल एवढेच घ्यावे आणि घाई न करता, जाणीवपूर्वक जगावे, हा विचार पुण्यात आज नव्या उत्साहाने बोलला जात असला, तरी या शहरात तो जवळपास दीडशे वर्षे रूप पालटत आला आहे. सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच ‘सार्वजनिक काका’, यांनी स्वतः कातलेल्या सुताचे कपडे वापरण्याचे व्रत घेतले आणि 1877 च्या दिल्ली दरबारातही ते त्याच वेशात गेले, तेव्हा वस्तू कोणी बनवली, हा प्रश्न मुख्य होता. 1905 च्या ऑक्टोबरात पुण्यात पेटलेली विलायती कापडाची होळीही त्याच प्रश्नातून आली. माणसाला मुळात कापड लागते किती, हे मात्र तिने विचारले नाही.

त्या प्रश्नाची बीजे त्याच वर्षी याच शहरात पडली होती. गोपाळ कृष्ण गोखले यांनी जूनमध्ये स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाच्या सदस्यांना स्वतःसाठी पैसा न मिळवण्याची आणि संस्था देईल तेवढ्यात संसार भागवण्याची शपथ घ्यावी लागे. अपरिग्रह, म्हणजे गरजेपेक्षा अधिक संचय न करणे, हे जैन आणि योगपरंपरेतील व्रत येथे सार्वजनिक कार्याची अट बनले. पुढे 1946 मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम उभा राहिला आणि मिताहार, माती, पाणी व ऊन यांच्या आधाराने हाच विचार शरीरापर्यंत पोहोचला.

पर्यावरणाच्या प्रश्नाने विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याला नवा पाया दिला. ‘गतिमान संतुलन’ या मासिकाचे संपादक दिलीप कुलकर्णी यांनी अभियंत्याची नोकरी सोडून दापोली तालुक्यातील कुडावळ्यात अल्प गरजांचे जीवन स्वीकारले, तर डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने शेणाऐवजी खरकट्यावर चालणारे, शहरी घराच्या गच्चीवर मावणारे बायोगॅस संयंत्र विकसित केले. शेणाच्या तुलनेत ते फार कमी मालात आणि कमी वेळात गॅस देते. साधे जगणे वेगाच्या विरोधात असलेच पाहिजे असे नाही, हे यातून नीट दिसते.

तरीही या परंपरेतील सर्वांत मोलाची भर विचारवंतांनी नव्हे, तर कचरावेचक स्त्रियांनी घातली. 1993 मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही त्यांची संघटना उभी राहिली आणि तिच्यातून निघालेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने 2008 मध्ये महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले. वस्तू कोणी बनवली आणि किती घेतली, यापुढे जाऊन ती टाकल्यावर कोणाच्या हाती जाते, हे विचारणे त्यामुळे भाग पडले. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, हे त्यांचे आवाहन वरवर किरकोळ वाटते. परंतु ज्या बाईला ते हाताने वेगळे करावे लागते, तिच्यासाठी पुडी न उघडता आत काय आहे हे कळणे हा आरोग्याचा आणि सन्मानाचा प्रश्न असतो. ‘जाणीवपूर्वक जगणे’ या शब्दांना येथे ठोस अर्थ मिळतो, कारण ती जाणीव दुसऱ्याच्या हातांची असते.

घरातल्या हातांचा हिशेब मात्र या विचाराने अजून पुरता केलेला नाही. ओला कचरा कुजवणे, कापडी पिशव्या धुणे, तयार पाकिटाऐवजी घरी दळण-कांडण व साठवणीचे पदार्थ करणे यांना वेळ लागतो, आणि तो बहुतेक घरांत बाईचाच जातो. नवऱ्याने आणि मुलांनी त्यातला वाटा उचलला नाही, तर कुटुंबाचे संथ जगणे तिच्यासाठी केवळ वाढीव काम ठरते.