जाणार की राहणार?

2 फेब्रुवारी 2022 रोजी मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक जिम हार्बॉ मिनेसोटात होते. वायकिंग्ज या व्यावसायिक संघाच्या प्रशिक्षकपदासाठी त्यांची मुलाखत होती. शाळेतून बाहेर पडणारे खेळाडू आपल्या पसंतीच्या विद्यापीठाच्या कागदावर सही करतात, तोही नेमका हाच दिवस. विद्यापीठाच्या गावी, ॲन आर्बरमध्ये, बहुतेकांनी ‘हार्बॉ गेले’ असंच धरलं होतं. वायकिंग्जनी पद देऊ केलं नाही. हार्बॉ परतले आणि हे दरवर्षी होणार नाही, असं त्यांनी विद्यापीठाला सांगितलं. पुढच्या जानेवारीत डेन्व्हरच्या संघाशी त्यांचं नाव जोडलं गेलं. त्याच्या पुढच्या जानेवारीत ते खरोखरच गेले.

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या चाहत्यांना असे जानेवारी महिने पाठ झाले आहेत. व्यावसायिक लीगची, म्हणजे एनएफएलची साखळी फेरी संपली की हरलेल्या संघांचे प्रशिक्षक काढले जातात, जागा रिकाम्या होतात आणि यशस्वी कॉलेज प्रशिक्षकांची नावं फिरू लागतात. कोणाचा एजंट कोणाशी बोलला, कराराला मुदतवाढ का मिळाली नाही, कुठलं खासगी विमान कुठल्या गावी उतरलं, सगळ्याची छाननी होते. मिशिगनच्या स्टेडियमची क्षमता 1,07,601 आहे. एवढी माणसं ज्या संघासाठी थंडीवाऱ्यात येऊन बसतात, त्या संघाचा प्रशिक्षक जाणार का, ही तिथे घरातल्यासारखी काळजी असते. डेट्रॉईटच्या मोटार उद्योगामुळे त्या भागात स्थिरावलेल्या आणि मुलांना ॲन आर्बरला शिकवणाऱ्या मराठी घरांनाही ती परकी नाही.

पण हा प्रश्न कायमचा नव्हता. शंभर वर्षांपूर्वी तो कुणाच्या डोक्यातही आला नसता.

1920 साली ओहायोतल्या कँटन गावी मोटारींच्या एका शोरूममध्ये व्यावसायिक लीगची स्थापना झाली, तेव्हा प्रतिष्ठा सगळी विद्यापीठांकडे होती. पैसे घेऊन रविवारी खेळणं हे हलक्या दर्जाचं काम मानलं जाई. शिकागो विद्यापीठाचे एमॉस अलोंझो स्टॅग हे त्या काळचे सर्वांत आदरणीय प्रशिक्षक. 1923 मध्ये त्यांनी जाहीर पत्र लिहून व्यावसायिक फुटबॉलला कॉलेजच्या खेळावरचं संकट ठरवलं. दोन वर्षांनी इलिनॉयचा लाडका खेळाडू रेड ग्रेंज शेवटचा कॉलेज सामना संपताच शिकागो बेअर्स या व्यावसायिक संघाकडे गेला, तेव्हा त्याचे प्रशिक्षक बॉब झुप्के यांचा त्याला सक्त विरोध होता. खेळाडू तिकडे जातो हेच जिथे अधःपतन वाटत होतं, तिथे प्रशिक्षक जाईल ही कल्पना कुठून येणार?

ती आली दुसऱ्या महायुद्धानंतर. ओहायो स्टेट विद्यापीठाला 1942 चं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारे पॉल ब्राउन 1946 मध्ये क्लीव्हलंडच्या नव्या व्यावसायिक संघाकडे गेले. त्यांनी चित्रफिती पाहून अभ्यास, वर्गातली शिकवणी, खेळाडूंच्या चाचण्या अशी कॉलेजमधली शिस्त तिकडे नेली आणि व्यावसायिक खेळाला बौद्धिक वजन दिलं. मग दूरचित्रवाणी आली. 1958 च्या डिसेंबरात बाल्टिमोर आणि न्यूयॉर्क यांच्यातला अंतिम सामना जादा वेळेत गेला आणि घराघरांत पाहिला गेला. सत्तरीच्या दशकापर्यंत शिडी उभी राहिली होती: खाली कॉलेज, वर एनएफएल. शिडी उभी राहिली की खालच्या पायरीवरच्या माणसाकडे ‘हा वर कधी जाणार’ अशाच नजरेनं पाहिलं जातं. चाहत्यांची अटकळ तिथून सुरू झाली.

आणि तिच्याबरोबर न जाणाऱ्या माणसाचं मोठेपणही जन्माला आलं. मला हा या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. 1973 च्या जानेवारीत न्यू इंग्लंड पेट्रियट्स या व्यावसायिक संघाने पेन स्टेट विद्यापीठाचे प्रशिक्षक जो पटर्नो यांना दहा लाख डॉलरहून मोठा प्रस्ताव दिला. रात्री त्यांनी होकार दिला, सकाळी मन बदललं आणि नकार कळवला. पैशापेक्षा विद्यार्थी आणि विद्यापीठ मोठं मानणारा माणूस म्हणून त्यांची प्रतिमा पक्की झाली. पुढची जवळजवळ चाळीस वर्षं त्या एका नकाराचं पुण्य त्यांच्या खात्यात जमा होत राहिलं. विद्यापीठाने त्यांचा पुतळा उभारला.

2011 च्या नोव्हेंबरात त्यांचा पूर्वीचा सहायक जेरी सँडस्की याला मुलांच्या लैंगिक शोषणाच्या आरोपांखाली अटक झाली. तक्रार कानावर येऊनही पटर्नो यांनी पुरेसं केलं नाही, असा ठपका ठेवून विद्यापीठाने काही दिवसांतच त्यांना पदावरून दूर केलं. पुढच्या जुलैत पुतळा हलवला गेला. त्या प्रकरणात कोणाची जबाबदारी किती, यावर तिथे अजूनही वाद आहेत. पण एक गोष्ट वादापलीकडे आहे. तो गेला नाही म्हणून तो चांगला, हा हिशेब चाहत्यांनी फार भोळेपणाने मांडला होता. एकाच जागी, एकाच माणसाभोवती दशकानुदशकं साचत गेलेली सत्ता त्या मुलांच्या काही कामी आली नाही. निष्ठेचं कौतुक करताना हे विसरता येणार नाही.

वर गेलेल्यांचे अनुभवही शिडीच्या कल्पनेला फारसे पोषक नव्हते. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाला चार राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून देणारे जॉन मॅके 1976 मध्ये टँपा बेच्या व्यावसायिक संघाकडे गेले आणि त्यांचा संघ पहिले सलग 26 सामने हरला. तरीही प्रत्येक जानेवारीत कुजबुज होतच राहिली, कारण ती यशाच्या शक्यतेवर चालत नव्हती. ती आपण सोडले जाऊ या भीतीवर चालत होती.

2007 हे वर्ष ही भीती खरी ठरवणारं होतं. मायामी डॉल्फिन्स या व्यावसायिक संघाचे प्रशिक्षक निक सेबन यांनी 2006 च्या डिसेंबरात आपण अलाबामा विद्यापीठाकडे जाणार नाही, असं स्वच्छ शब्दांत सांगितलं आणि जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात ते अलाबामाला गेले. त्याच महिन्यात बॉबी पेट्रीनो यांनी लुइव्हिल विद्यापीठ सोडून अटलांटाचा व्यावसायिक संघ धरला. लुइव्हिलशी दहा वर्षांचा करार करून त्यांना अजून वर्षही झालं नव्हतं. अटलांटातही ते हंगाम संपेपर्यंत टिकले नाहीत. 13 सामन्यांनंतर खेळाडूंच्या कपाटांवर चार ओळींचा निरोप ठेवून ते आर्कान्सा विद्यापीठाकडे निघून गेले. तेव्हापासून प्रशिक्षकाचा स्पष्ट नकार हा चाहत्यांना पुरावा वाटेनासा झाला. चाहते शब्दांवरून विमानांच्या नोंदींकडे वळले, त्याला प्रशिक्षकांचं हे वागणंच कारण आहे. चाहत्यांना उठवळ म्हणणं अन्यायाचं होईल.

हार्बॉ यांचं प्रकरण अधिक गुंतागुंतीचं होतं, कारण ते मिशिगनचे घरचे होते. वडील तिथे सहायक प्रशिक्षक, स्वतः ऐंशीच्या दशकात त्याच संघाचे क्वार्टरबॅक. तरीही 2020 च्या हंगामात संघ सहापैकी फक्त दोन सामने जिंकला, तेव्हा त्यांना काढा म्हणणारे थोडे नव्हते. पुढच्या वर्षी ओहायो स्टेटला 42-27 हरवल्यावर तेच लोक ते जातील या धास्तीत होते. हरणाऱ्याच्या जाण्याची अटकळ कोणी बांधत नाही, त्याच्या जाण्याची मागणी होते. चाहत्यांची निष्ठा इतकी सशर्त असेल, तर प्रशिक्षकाने बिनशर्त निष्ठा ठेवावी हा आग्रह मला पटत नाही.

8 जानेवारी 2024 ला मिशिगनने वॉशिंग्टनला 34-13 हरवून राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं आणि 24 जानेवारीला हार्बॉ एनएफएलच्या लॉस एंजलिस चार्जर्सचे प्रशिक्षक झाले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये खेळाडू भरतीतल्या नियमभंगासाठी एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने त्यांच्यावर चार वर्षांचे निर्बंध घातले. त्यांना कुठल्या विद्यापीठाने नेमलं तरच ते लागू होणार होते. एनएफएलमध्ये त्यांची झळ नव्हती.

या सगळ्या चर्चेत एक पक्ष कायम मागे राहिला, तो खेळाडूंचा. अठरा वर्षांचा मुलगा सही करतो ती विद्यापीठाच्या कागदावर, पण त्याने विश्वास टाकलेला असतो प्रशिक्षकावर. घरी येऊन आईवडिलांसमोर बसून बोलणारा तो असतो. तो प्रशिक्षक महिनाभरात जाऊ शकत असे, आणि मुलाने त्यामुळे विद्यापीठ बदललं तर त्याला साधारणपणे एक वर्ष बाहेर बसावं लागे. मोठ्याला मोकळीक, लहानाला दंड. चाहते ‘आपल्याला सोडून गेला’ म्हणत तेव्हा त्या ‘आपल्या’त हा मुलगा क्वचितच असे.

2021 मध्ये खेळाडूला एकदा शिक्षेशिवाय विद्यापीठ बदलण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षीच्या 1 जुलैपासून आपल्या नावावर पैसे मिळवण्याचीही. 2025 च्या जुलैपासून विद्यापीठं खेळाडूंना थेट मोबदला देऊ लागली. शिडीही हलली आहे. 2024 च्या सुरुवातीला बॉस्टन कॉलेजचे मुख्य प्रशिक्षक जेफ हाफ्ली एनएफएलच्या ग्रीन बे संघात सहायकाची जागा घ्यायला गेले, तर त्याच वर्षाच्या अखेरीस एनएफएलमध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून सहा विजेतेपदं जिंकलेले बिल बेलिचिक नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात आले. कॉलेजमध्ये आता वर्षभर खेळाडू टिकवण्याची धावपळ असते आणि अनेक प्रशिक्षकांना तीच नकोशी झाली आहे. चाहत्यांमध्येही खेळाडूंना दोष देणारे पुष्कळ आहेत. पैशांमागे धावणारी पिढी, असं ते म्हणतात. हा दोष मला मान्य नाही. प्रशिक्षकांनी अनेक दशकं जे केलं, तेच ही मुलं आता उघडपणे करत आहेत.

पुढच्या जानेवारीत नावं पुन्हा फिरतील. चाहत्यांनी अटकळी जरूर बांधाव्यात, प्रेम आहे तिथे काळजी असणारच. पण प्रशिक्षकाच्या नावासोबत त्याच्या भरवशावर आलेल्या मुलांची नावंही घ्यावीत. हार्बॉ गेल्यावर मिशिगनच्या खेळाडूंना दुसरीकडे जायचं का हे ठरवण्यासाठी 30 दिवस मिळाले. पेट्रीनो लुइव्हिल सोडून गेले तेव्हा तिथल्या खेळाडूंना अशी मुदत नव्हती.