फुलोऱ्याआधीची राखण

पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातला शेतकरी गुरांना घटसर्प-फऱ्याची लस टोचून घेतो. अंगात प्रतिकारशक्ती यायला दोन-तीन आठवडे लागतात, हे त्याला ठाऊक असते. मग हीच दूरदृष्टी मधमाशीच्या वाट्याला का येऊ नये? बियाण्याच्या कांद्याला तिची गरज का, हे कळायला त्याचा डोंगळा, म्हणजे फुलांचा दांडा, जवळून पाहावा. एका गोंड्यात शेकडो पांढरी फुले असतात. पण प्रत्येक फुलाचे पराग आधी झडतात आणि स्त्रीकेसर नंतर तयार होते. म्हणजे फुलाला स्वतःचा पराग सहसा उपयोगी पडत नाही. तो दुसऱ्या फुलाचा लागतो, आणि तो पोचवते मधमाशी. फुलोऱ्यातली कीटकनाशकाची फवारणी मात्र तिच्याच जिवावर उठते.

कोणी म्हणेल, फुलकिडे पीक खात असताना फवारणी थांबवायची कशी? थांबवायची नाहीच, तिची वेळ बदलायची. फुलोऱ्याआधीच कीड आटोक्यात आणावी. फुलोऱ्यात अगदीच गरज पडली, तर माशीला कमी घातक औषध निवडून, माश्या पोळ्यात परतल्यावर तिन्हीसांजेला फवारावे. मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या असतील तर सावली आणि जवळ उथळ पाणी द्यावे. गोठ्यातले जनावर हंबरून दुखणे सांगते. माशी मुकाट्याने मरते, आणि तिचा हिशेब बी मळताना रिकाम्या गोंड्यांत निघतो.