घरची मंडळी

शास्त्रपाठ : गीतरत्न 7:11-12, मार्क 6:30-34, इफिस 5:25



गीतरत्न हे पुस्तक आपल्या व्यासपीठावरून क्वचितच वाचले जाते. लग्नाच्या उपासनेत त्यातले एखादे वचन येते, आणि पुढच्या लग्नापर्यंत ते पुस्तक मिटलेलेच राहते. त्याच्या सातव्या अध्यायात वधू आपल्या वल्लभाला शहर सोडून शिवारात मुक्कामाला चलण्याचा आग्रह करते. द्राक्षवेली कशा फुलल्या आहेत, डाळिंबांना बहर आला आहे का, हे दोघांनी मिळून पाहावे, एवढीच तिची मागणी. ही मागणी पवित्र शास्त्रात आहे. लग्न होऊन तीस वर्षे झाली तरी ती माझ्या ध्यानात आली नव्हती. ती कशी आली, ते आज सांगतो.

आम्ही मलकपेठेत राहतो. रस्त्यावर वाहनांची रीघ, आणि 2018 पासून डोक्यावरून मेट्रो. त्यात मी मंडळीच्या पंचकमिटीचा सेक्रेटरी आणि शब्बाथशाळेचा शिक्षक. सोमवारी हिशेब, बुधवारी प्रार्थनासभा, शनिवारी पाठाची तयारी, रविवारी सकाळपासून दुपारपर्यंत देवळात. देवाच्या कामात सुटी कसली, असे मी अभिमानाने म्हणत असे.

आमची मुलगी आणि जावई इंग्लंडमध्ये असतात. तेथे लहानशा बाजारगावांतून जोडप्यांना सुटीपुरत्या खोल्या भाड्याने मिळतात, स्वयंपाकघरासह. अशा एका गावी ती दोघे चार दिवस राहून आली आणि मुलीने आईला कळवले, ‘‘आई, तू आणि बाबाही कुठेतरी जा. नुसते बसा.’’ मी हसण्यावारी नेले. पत्नी हसली नाही. म्हणून आम्ही निघालो.

आमचे बाजारगाव म्हणजे विकाराबाद. नामपल्लीहून गाडीने गेलो. गावापासून थोड्या अंतरावर अनंतगिरीचा डोंगर आहे. तेथली हवा चांगली म्हणून पूर्वी क्षयरोग्यांसाठी त्या डोंगरावर रुग्णालय उभारले गेले. जवळच दोन खोल्या आणि एक छोटे स्वयंपाकघर आम्हाला तीन दिवसांसाठी मिळाले.

पोहोचताच मी खुर्चीत बसलो आणि म्हणालो, ‘‘चहा टाकतेस का?’’ ती उठली. स्टोव्ह पेटवताना म्हणाली, ‘‘जागा बदलली, चूल तीच.’’ मला ओशाळल्यासारखे झाले. चौथ्या आज्ञेत देवाने विसाव्याचा दिवस नेमला, तेव्हा दास, दासी आणि गुरेसुद्धा त्यात धरली. माझ्या सुटीत मात्र मी एकट्याला धरले होते. पुढचे दोन दिवस चहा मी केला. पहिला करपट झाला, पण तिने तो मुकाट्याने प्यायला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही ओसरीवर बसलो होतो. बोलायला विषय नव्हता. मंडळीच्या निवडणुकीबद्दल मी काही सुरू केले, तेही संपले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, ‘‘अहो, आभारप्रदर्शनाच्या उपासनेच्या आधी मला गाठ लागली होती. तपासायला दिली. साधी निघाली.’’ मी विचारले, ‘‘तुझ्याबरोबर दवाखान्यात कोण होते?’’ ‘‘कोणी नाही. रिपोर्ट आणायला गेले त्या दिवशी तुमची मीटिंग होती.’’ ‘‘मला सांगितले का नाहीस?’’ ती शांतपणे म्हणाली, ‘‘दोनदा सांगायला आले. दोन्ही वेळा तुम्ही फोनवर होता. तुमच्या मंडळीचे सगळे बघता. या मंडळीकडे बघायला तुम्हाला वेळ कुठे आहे?’’

बंधूंनो, आपल्या भाषेत बायकोलाही ‘मंडळी’ म्हणण्याची जुनी रीत आहे. ‘आमची मंडळी माहेरी गेली आहे,’ असे आपले वाडवडील म्हणत. इफिसकरांस लिहिताना पौलाने ख्रिस्ताची मंडळीवरची प्रीती हेच पतीच्या प्रीतीचे माप ठरवले. ते वचन मी अनेक लग्नांत वाचले आहे. ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिले. मी मंडळीचे नाव सांगून माझ्या मंडळीपासून स्वतःला राखून ठेवले. आठवडाभर तिने ती भीती एकटीने वाहिली, आणि त्याच रविवारी मी मुलांना ‘एकमेकांची ओझी वाहा’ हा पाठ शिकवत होतो.

त्या रात्री आम्ही मार्काचा सहावा अध्याय उघडला. प्रेषित उपदेशाच्या फेरीवरून परत आले होते. काम यशस्वी झाले होते आणि माणसांची इतकी ये-जा चालू होती की त्यांना जेवायलाही सवड नव्हती. अशा वेळी प्रभूने त्यांना आणखी काम दिले नाही. त्यांना बाजूला, निवांत जागी नेले. काम वाईट होते म्हणून नव्हे. ते त्यानेच दिले होते, आणि विसावाही त्यानेच दिला. पलीकडे लोक आधीच पोहोचले होते, तेव्हा विसावा काय तो तारवातल्या प्रवासापुरता मिळाला. तरी प्रभू लोकांवर चिडला नाही. मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखे पाहून त्याला त्यांचा कळवळा आला. विसावा घेतल्याने सेवा अडत नाही, हे येथे दिसते.

मोशेच्या नियमशास्त्रातही एक सुंदर नेम आहे (अनुवाद 24:5). नवविवाहित पुरुषाला एक वर्ष लढाईवर पाठवू नये, त्याच्यावर कोणतेही काम लादू नये, त्याने घरी राहून बायकोला आनंदी ठेवावे. राष्ट्राच्या लढाईपेक्षाही देवाने त्या घराची काळजी केली. मग आमची कमिटी मोठी कशी?

परतीच्या दिवशी आम्ही मुसीच्या उगमाकडे गेलो. मुसी नदी याच अनंतगिरीच्या डोंगरात जन्मते आणि हैदराबादेत आमच्या मलकपेठेला खेटून वाहते. तिला आम्ही पुलावरून नाकाला रुमाल लावून पाहतो. 28 सप्टेंबर 1908 रोजी याच नदीला महापूर आला आणि हजारो माणसे बळी गेली. मग मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा सल्ला घेण्यात आला. शहराच्या वर पाणी थांबवण्यासाठी मुसीवर उस्मानसागर बांधला गेला, तो 1920 मध्ये पुरा झाला. तिच्या ईसी या उपनदीवरचा हिमायतसागर 1927 मध्ये झाला. जे पाणी घरे वाहून नेत होते, तेच थांबायला जागा मिळाल्यावर पिढ्यान्‌पिढ्या शहराने प्यायले.

आपले दिवसही असेच धावतात. त्यांना कोठे थांबायला जागा नसेल, तर चांगले कामसुद्धा पूर होऊन घर वाहून नेते. मुक्काम करणे म्हणजे आळस नव्हे. तो तलाव बांधणे आहे.

सर्वांना गावी जाणे परवडणार नाही, हे मी जाणतो. कोणाच्या घरी आजारी सासूबाई असतील, कोणाची पाळी रात्रीची असेल. पण महिन्यातून एक संध्याकाळ गच्चीवर सतरंजी टाकून, फोन खाली ठेवून दोघांनी बसता येते. पहिली घटका बोलायला काही सुचणार नाही. उठू नका. आमचेही असेच झाले होते. आणि ज्यांचा जोडीदार प्रभूकडे गेला आहे, अशा भावाबहिणींना आपल्या ओसरीवर बोलवा. त्यांचे मनातले ऐकायलाही कोणी हवे असते.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. मुलांना विसाव्याची आज्ञा शिकवण्यापूर्वी, गेल्या रविवारी तुमच्या घरात कोणाला विसावा मिळाला आणि कोणाला नाही, हे मोजा. मी मोजले. आता शनिवारची तयारी आम्ही दोघे मिळून करतो, बुधवारचे काम एका तरुण भावाने आनंदाने घेतले आहे, आणि पुढच्या तपासणीला मी बरोबर होतो. त्या दिवशीही मीटिंग होती. ती माझ्यावाचून पार पडली.

प्रार्थना : हे देवबापा, तू सहा दिवस काम करून सातव्या दिवशी विसावा घेतलास. तुझ्या मंडळीची सेवा करताना तू आमच्या घरी दिलेल्या माणसाला आम्ही विसरलो असू, तर क्षमा कर. आम्हाला थांबायला शिकव, आणि थांबल्यावर ऐकायला शिकव. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.