गुडघा कोणाचा, निर्णय कोणाचा?

सन 2000 च्या ऑक्टोबरात तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलण्यात आला. उजवा 2001 च्या जूनमध्ये. पुढे 2017 च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. आज आमच्या भालकी-आळंदच्या ओसरीवरही हा विषय निघतो.

शस्त्रक्रिया उचित केव्हा? क्ष-किरण चित्रात झीज दिसते, वेदना दिसत नाही. दोहोंचे प्रमाण नेहमी जुळतेच असे नाही. व्यायाम, वजन घटविणे व औषधे यांनी भागेनासे झाले, रात्रीची झोप मोडू लागली, तर विचार करावा, असे वैद्यक सांगते. परंतु जिचा जन्म खुरपणीत आणि चुलीपुढे उकिडवे बसण्यात गेला, तिला नवा सांधा चालणे देईल. उकिडवे बसणे बहुधा देणार नाही. हे तिला आधी कोण सांगतो? मुलगा खर्च पाहतो, शल्यविशारद चित्र पाहतो. 'आता वय झाले' म्हणून टाळणारे आणि प्रेमापोटी घाई करणारे, दोघेही तिला विचारावयाचे विसरतात.

आम्हांस वाटते, पहिला प्रश्न तिलाच करावा : बाई, तुम्हांला चालून कोठवर जायचे आहे, आणि त्यासाठी काय सोडायची तयारी आहे? शस्त्रक्रिया करावी की थांबावे, हे त्या उत्तरावरून ठरावे.