आभाराची संध्याकाळ

अमेरिकेतील ओहायो राज्यात राहणाऱ्या माझ्या भाचीचे गेल्या पावसाळ्यात एक लांबलचक पत्र आले. ती आणि तिच्यासारखी वीसएक कुटुंबे आपल्या मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवतात. आठवड्यातून एक दिवस ही सारी मुले एका चर्चच्या सभागृहात जमतात. कोणाची आई तेथे रसायनशास्त्र शिकवते, तर कोणाचे वडील इतिहास. पुस्तके, सूक्ष्मदर्शक यंत्रे, सभागृहाचे भाडे हा खर्च पालकांच्या वर्गणीतून भागत नाही. उरलेली तूट गावातील काही सहृदय माणसे भरून काढतात. या देणगीदारांसाठी एक संध्याकाळ योजावी, असे गटाने ठरवले आणि तेथूनच मतभेदास सुरुवात झाली. “मामा, आभार कसे मानावेत यावरून आम्ही भांडत बसलो आहोत,” असे तिने लिहिले होते.

रकमेनुसार सुवर्ण, रौप्य, कांस्य अशा पायऱ्या करून नावांचा फलक लावावा, असा एक पक्ष होता. मुलांनी पाहुण्यांपुढे गाणी आणि नाटुकली सादर करावीत, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे होते. आणि सर्वांत मोठी रक्कम देणाऱ्या वृद्ध गृहस्थांनी तर आपले नाव कोठेही उच्चारू नये, अशी अटच घातली होती.

प्रश्न वरकरणी लहान दिसतो, पण या कुटुंबांच्या दृष्टीने तो नाजूक आहे. मुलांच्या शिक्षणाची दिशा ठरवण्याचा आईवडिलांचा अधिकार अमेरिकेत झगडून मिळवावा लागला. सर्व मुलांना सरकारी शाळेतच घालण्याची सक्ती ऑरेगन राज्याने केली, तेव्हा धर्मभगिनींच्या एका संस्थेने न्यायालयात दाद मागितली आणि १९२५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती सक्ती रद्द ठरवली. पुढे १९७७ मध्ये जॉन होल्ट यांनी घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी नियतकालिक सुरू केले आणि १९९३ पर्यंत पन्नासही राज्यांत गृहशिक्षण कायदेशीर झाले. ‘आमचे आम्ही पाहू’ हा या पालकांचा बाणा आहे. अशा स्वावलंबी माणसास दुसऱ्याचे घेणे जड जाते, आणि घेतलेले मान्य करणे त्याहून जड जाते. मग तो एक पळवाट शोधतो. फलक, मेजवानी, भेटवस्तू देऊन एकदाचा हिशेब मिटवून टाकावा, असे त्याला वाटू लागते.

अशा वेळी अमेरिकेचा प्राप्तिकर कायदाही विचारप्रवर्तक ठरतो. एखाद्याने धर्मादाय संस्थेस शंभर डॉलर दिले आणि त्याबदल्यात त्याला चाळीस डॉलरांचे जेवण मिळाले, तर दान म्हणून साठच डॉलर धरले जातात. बदल्यात काही मिळणार असेल आणि दिलेली रक्कम पंच्याहत्तर डॉलरांहून अधिक असेल, तर मिळालेल्या वस्तूची किंमत संस्थेने दात्यास लेखी कळवावी लागते. ज्याचा मोबदला मिळाला ते दान नव्हे, एवढे त्या रुक्ष कायद्यालाही उमगले आहे. मात्र फलकावरील सोनेरी अक्षरांची किंमत तो मोजत नाही. आपल्याकडेही सभागृहातील पंख्याच्या पात्यांवर दात्याचे नाव रंगवलेले आढळते. पंखा सुरू झाला की ते नाव वाचता येत नाही, पण बंद असताना वारा मिळत नाही!

मग आभार मानूच नयेत काय? उजव्या हाताचे दान डाव्या हातास कळू नये, अशी प्रभूची शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु त्याच प्रभूने बऱ्या झालेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी एकच परत आला, तेव्हा उरलेल्या नऊ जणांची चौकशी केली. हा विरोधाभास नाही. मौनाचा नियम देणाऱ्यास आहे. घेणाऱ्यास मात्र बोलण्याचा नियम आहे. सेनेका या रोमन तत्त्वचिंतकाने हेच वेगळ्या शब्दांत सांगितले होते: देणाऱ्याने दिलेले लगेच विसरावे, घेणाऱ्याने ते कधीच विसरू नये. आपण पुष्कळदा नेमके उलटे करतो. दाता आठवण ठेवतो आणि घेणारा विसरण्याची घाई करतो.

संत थॉमस अक्विनास यांनी कृतज्ञतेच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. उपकार ओळखणे ही पहिली, तो शब्दांनी व्यक्त करणे ही दुसरी आणि योग्य वेळी यथाशक्ती त्याची फेड करणे ही तिसरी. ते आणखी एक मार्मिक गोष्ट सांगतात. फेडीची फार घाई करणारा मनुष्य कृतज्ञ नसतो, तो केवळ ऋणको असतो. शिवाय कृतज्ञतेने वस्तूच्या मोलापेक्षा देणाऱ्याच्या अंतःकरणाकडे पाहावे, असेही ते म्हणतात. हे मान्य केले की सुवर्ण आणि कांस्य या पायऱ्या आपोआप गळून पडतात. गटासाठी फुकट कपाटे करून देणारा सुतार कोणत्या पायरीवर बसवणार?

मुलांच्या कार्यक्रमाबद्दल मात्र मला अधिक काळजी वाटली. दात्यांना रिझवण्यासाठी मुलांना उभे करणे म्हणजे ज्यांच्यासाठी दान आले त्यांनाच मोबदला म्हणून पुढे करणे होय. त्यातून मूल एवढेच शिकते की, घेतल्यावर कोणाची तरी मर्जी राखावी लागते. उलट आपण जे शिकलो ते कोणी दिले हे त्याला कळले, तर तेही एक शिक्षणच आहे. म्हणून मी भाचीस लिहिले, “मुलांना नाचवू नका. त्यांना आपले काम दाखवू द्या. पैशांचा हिशेब सर्वांसमोर मांडा. आभाराचे पत्र मुलांनी स्वहस्ते लिहावे, त्यात कोणाचेच नाव नसावे आणि ते सर्वांसाठी एकदाच वाचावे. वृद्ध गृहस्थांनी नावास मनाई केली आहे, आभारांस नव्हे.”

नाताळच्या सुमारास तिचे उत्तर आले. फलक लागला नव्हता. पालकांनी घरून करून आणलेले साधे जेवण सर्वांनी मुलांच्याच बाकांवर बसून घेतले. सुतार आपल्या कपाटाचे एक सैल झालेले बिजागर तपासत होता. ते वृद्ध गृहस्थही आले आणि सूक्ष्मदर्शकासमोरील रांगेत उभे राहिले. त्यांची पाळी आली तेव्हा नऊ वर्षांच्या एका मुलाने त्यांना कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी दाखवल्या. त्यांना नीट दिसेना, तेव्हा त्याने त्यांचा हात धरून यंत्राची कळ फिरवायला शिकवले. ते यंत्र कोणी दिले हे त्या मुलास ठाऊक नव्हते. गृहस्थांनी पुन्हा एकदा वाकून पाहिले आणि त्या मुलाचे आभार मानले.