पाच ब्रास

कराडशेजारी मलकापुरात बंगला उभा राहिला, निवृत्तीचे निम्मे पैसे त्यात गेले, आणि नानांच्या डोक्यात लॉन शिरलं. दिवाळीला पुण्याहून नात येणार, तिनं अंगणात अनवाणी पळावं, एवढीच इच्छा. पण अंगण कसलं, कंत्राटदारानं ओतून रोलर फिरवलेला मुरूम! कुदळ मारली की विटांचे तुकडे, बांधणीच्या तारा आणि गोळा झालेलं सिमेंट वर यायचं. पायातली काळी माती त्यानंच "साहेब, हा राडा मी उचलतो" म्हणून नेली होती, आणि नानांनी त्याला वर डिझेलचे पैसे दिले होते.

हिशेबाला नाना पक्के, जन्म बँकेत गेलेला. अंगण हजार चौरस फूट. गवताच्या मुळांना अर्धा फूट तरी माती हवी, म्हणजे पाचशे घनफूट. शंभर घनफुटांचा ब्रास, तेव्हा पाच ब्रास. सुटी माती दोन पाण्यांत खाली बसते, म्हणून थोडी वरकड धरायची. ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं, "गाळाची टाकू का रानातली?"

"रानातली. वरच्या थराची. आणि आधी डोळ्यांनी बघणार."

"आजवर कोथिंबीर कधी बघून आणली नाहीत," काकू आतून म्हणाल्या.

रान आगाशिवच्या डोंगराकडे चढत जाणारं होतं. नानांनी मूठभर माती उचलली, बाटलीतलं पाणी शिंपडून बोटांत वळली. वळी झाली, दाबल्यावर मोडली. वास पहिल्या पावसाचा. बारीक मुळ्या, एक गांडूळ, आणि वाटाण्याएवढ्या काळ्या गाठी. त्या कसल्या हे नानांना कळलं नाही. माती मात्र पसंत पडली.

मग त्यांची नजर बांधापलीकडे गेली. पलीकडचा तुकडा छातीइतका खाली होता. दोन वर्षांपूर्वी तिथली माती वीटभट्टीला गेली होती. कापलेल्या कडेला जमिनीचं पोट उघडं पडलं होतं: वर दीड हात काळी, तिच्याखाली पिवळट मुरूम. डोंगराच्या पायथ्याला कातळ झिजून एवढा थर साठायला हजारो वर्षं जातात, आणि जेसीबीला एक दुपार पुरते. खालच्या तुकड्यात ज्वारी पेरलेली होती. धाटं गुडघ्याएवढी, पानं पिवळी.

बांधावर एक म्हातारी बसली होती. रान तिच्या घरचंच.

"आजी, ही माती का विकताय?"

"म्या कुठं इकतीया? पोरगा इकतुया. बोअरचं कर्ज हाय."

"किती मिळतात ब्रासला?"

आकडा ऐकून नाना गप्प झाले. ट्रॅक्टरवाला मागत होता त्याची चौथाईही नव्हती. परवान्याचं विचारलं, तर ट्रॅक्टरवाला चाकातली हवा तपासायला गेला. माती हे गौण खनिज आहे, तहसीलदाराच्या परवानगीवाचून ती अशी उचलून विकता येत नाही, हे त्याला नानांपेक्षा चांगलं ठाऊक असावं.

बँकेत असताना कुणी ठेव मोडायला आला की नाना आधी त्याला खुर्ची द्यायचे. चहा मागवायचे. ठेवीवर कर्ज बसतंय का बघू, व्याजावर भागतंय का बघू, मुद्दलाला हात नको, असं म्हणत अर्धा तास घालवायचे. आज तेच नाना परक्याची ठेव मोडून घ्यायला रांगेत उभे होते, तीही अंगणात गवत लावायला.

"मी नाही नेत," ते म्हणाले.

म्हातारी हसली. "तुमी न्हाय न्हेली तर दुसरा न्हेईल, सायेब."

उत्तर खरं होतं. गोठ्यामागचा उकिरडा दिसला म्हणून नानांनी विचारलं, "शेणखत द्याल?"

"रानाला घालून उरतंय त्येवढं दीन. दर सालाला दीन."

आणि माती दुसऱ्यानं नेलीच. त्या आठवड्यात पाच ट्रॉल्या आल्या त्या शेजारच्या वकिलांकडे. वकीलसाहेबांनी रोलर फिरवलेल्या मुरमावरच माती पसरली, फळी फिरवून सपाट केली, वर तयार लॉनचे तुकडे अंथरले. आठवड्यात हिरवंगार! काकू रोज गॅलरीतून बघायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. नानांना ते जास्त लागायचं.

नानांनी गडी लावून अंगण फूटभर खणून काढलं. राडारोडा वेचला, मुरूम चाळला, म्हातारीचं शेणखत मिसळलं, घराकडून फाटकाकडे उतार दिला. जूनचा पाऊस पडताच ताग फेकला. ताग कमरेला लागला, पिवळ्या फुलांवर आला, तेव्हा तो तसाच कापून मातीत गाडला. पुढे अंगणात तो कुजण्याचा वास. येणाराजाणारा विचारायचा, "नाना, शेती करताय?"

दिवाळीत नात आली. लॉन नव्हतंच. पण वकिलांची मुलं कुंपणाशी येऊन उभी राहिली, कारण त्यांच्या लॉनवर किल्ला करायला बंदी होती. मग तिघांनी मिळून नानांच्या अंगणात प्रतापगड रचला. उकरताना गांडुळं निघाली. नातीनं ती मोजून बुरुजाखाली परत ठेवली. हरळीच्या मुळ्या नानांनी खोवल्या त्या पुढच्या जूनमध्ये.

त्याच जूनमध्ये म्हातारी ट्रॉलीत पोराशेजारी बसून खत घेऊन आली. वकिलांच्या अंगणाची तोवर रया गेली होती. वरची माती पाणी पिऊन फुगायची आणि खालचा कडक मुरूम पाणी पुढे जाऊ द्यायचा नाही. डबकी साचून लॉन जागोजागी पिवळं पडलं होतं. त्यातून टोकदार, चकचकीत पाती मात्र जोमानं वर आली होती. वकीलसाहेब ती चिमटीनं उपटत होते आणि चार दिवसांत ती पुन्हा येत होती.

म्हातारी कुंपणाशी थांबली. न विचारता आत गेली, उकिडवी बसली आणि पात्याच्या बुडाशी विळा घालून अख्खी गाठ वर काढली. त्या गाठीला दोऱ्यासारख्या मुळीनं दुसरी जोडलेली, दुसरीला तिसरी.

"आमच्याच रानातला लव्हाळा हाय ह्यो," ती म्हणाली. "वरनं उपटून जात न्हाय. गाठ काडाय लागती."

वकिलांना जरा हायसं वाटलं. "म्हणजे गाठी काढल्या की संपेल? किती दिवस लागतील?"

म्हातारीनं विळा पदराला पुसला. "आमी माज्या आजेसासूपास्नं काडतुया."