रिकामी जागा कोणी भरावी?

माझ्या मेजाच्या खणात सतरा वर्षे एक मेमरी कार्ड पडून होते. नखाएवढे ते काळे पान सुपारीच्या जुन्या डबीत कापसावर ठेवलेले होते. घरातील कोणी विचारलेच तर मी ‘आईचे कार्ड’ एवढेच म्हणत असे. त्यामागची चूक माझी होती आणि ती सांगण्याचे धैर्य मला आजवर झाले नव्हते.

२००७ साली इंदूरच्या आमच्या घरी आईचे सहस्रचंद्रदर्शन झाले. डिजिटल कॅमेरा तेव्हा घरात नवाच होता आणि छायाचित्रे काढण्याचे काम मी हौसेने अंगावर घेतले होते. औक्षणाच्या वेळी बॅटरी संपत आल्याची खूण दिसू लागली. तिकडे दुर्लक्ष करून मी आणखी एक छायाचित्र टिपले आणि कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकत असतानाच बॅटरी बदलण्यासाठी झाकण उघडले. त्यानंतर ते कार्ड कोणत्याही यंत्रात घातले की एकच मागणी करी, ‘फॉरमॅट करा.’ पुढे दीड वर्षाने आई गेली. कार्ड मी फॉरमॅट केले नाही, एवढाच काय तो शहाणपणा.

गेल्या वर्षी देवासहून धाकटी बहीण आणि तिचा अभियंता मुलगा आले असता ती डबी बाहेर निघाली. भाच्याने प्रथम कार्डाच्या कडेची बारीक कळ सरकवून त्यावर नवे काही लिहिले जाणार नाही अशी व्यवस्था केली. मग कार्डाची जशीच्या तशी संपूर्ण प्रत संगणकावर उतरवून घेतली आणि पुढचे सारे प्रयोग त्या प्रतीवर केले. मूळ वस्तूला हात न लावता नकलेवर काम करावे, ही शिस्त मी अभिलेखागारात पाहिली होती. ती या पिढीच्या हाती पाहून मला बरे वाटले.

त्याने समजावून सांगितले ते असे. कार्डावर छायाचित्रे असतात आणि ती कोठे आहेत हे सांगणारी एक अनुक्रमणिकाही असते. पुष्कळदा बिघडते ती अनुक्रमणिका. पाने जागेवरच असतात. छायाचित्र पुसले तरी बहुधा अनुक्रमणिकेतील नोंदच रद्द होते, आणि त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत मूळ मजकूर तसाच राहतो. म्हणून कार्ड बिघडल्याचे कळताच त्यावर आणखी छायाचित्रे काढू नयेत, हा पहिला नियम. ‘फोटोरेक’सारखी विनामूल्य प्रणाली अनुक्रमणिकेच्या नादी न लागता कार्डाचा कण न् कण वाचत जाते आणि जेपेग छायाचित्राच्या आरंभीची ठरलेली खूण दिसली की तेथून पुढचा मजकूर उचलते. अशा रीतीने सायंकाळपर्यंत त्या दिवसाची बहुतेक सर्व छायाचित्रे परत आली. कित्येक माणसे जी आज नाहीत, ती पंगतीत बसलेली दिसली. बहीण रडली; मीही रडलो.

शेवटचे छायाचित्र मात्र अर्धेच निघाले. वरचा भाग स्वच्छ होता: दारावरचे तोरण, आईचे पांढरे केस, कपाळ, आणि चष्मा. चष्म्याच्या दोन्ही काचांत निरांजनाची ज्योत चमकलेली असल्याने डोळे दिसत नव्हते. त्याखाली नुसता करडा पट्टा. जेपेग छायाचित्र आठ बाय आठ बिंदूंच्या लहान ठोकळ्यांनी वरून खाली लिहिले जाते. मी झाकण उघडले तेव्हा लिहिणे चष्म्यापाशी आले होते. म्हणजे खालचा भाग बिघडला किंवा हरवला असे नव्हते. तो कार्डावर कधी उतरलाच नव्हता. जे लिहिले गेले नाही ते कोणती प्रणाली शोधणार? आरंभीच्या मजकुरात कॅमेरा एक चिमुकली प्रतिमा साठवतो, एकशे साठ बाय एकशे वीस बिंदूंची, ती तेवढी शाबूत होती. तीत आई पूर्ण दिसत होती, पण तिचे सारे तोंड मिळून तीन-चार बिंदू.

रात्री भाच्याने आईला आनंद व्हावा म्हणून ते अर्धे छायाचित्र कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका साधनाला दिले. सकाळी पडद्यावर पूर्ण चित्र होते. आई हसत होती, आणि हसताना शुभ्र दातांची ओळ दिसत होती. आईचे पुढचे दात केव्हाच गेले होते; ती हसताना तोंडाला पदर लावी. मी ते दाखवताच भाचा म्हणाला, “मामा, त्यात काय, दुरुस्त करू.” आणि पाच मिनिटांत दुसरे चित्र आले. मिटल्या ओठांचे, मंद स्मित. त्यात मला एकही दोष काढता येईना. पहिले चित्र पाहून मला हसू आले होते. दुसरे पाहून भीती वाटली.

या भीतीचे कारण सांगायला हवे. ते औक्षण साधे नव्हते. आमचे थोरले बंधू अण्णा त्यापूर्वी दीड वर्ष आधी वारले होते. सुवासिनींचे औक्षण आटोपल्यावर आईने मागे भिंतीशी उभ्या असलेल्या वहिनींना हाक मारली आणि सर्वांदेखत त्यांच्या हाती तबक दिले. आमच्यासारख्या जुन्या घरात त्या काळी ही लहान गोष्ट नव्हती. मी टिपलेला क्षण तोच. माझ्या स्मरणात आईचे ओठ थरथरत होते, अण्णांच्या आठवणीने. बहीण शपथेवर सांगते की आई हसत होती, वहिनींना धीर यावा म्हणून. वहिनींना विचारले तर त्या म्हणाल्या, “भाऊजी, मी वर पाहिलेच नाही. माझी नजर निरांजनावर होती.” तिघे साक्षीदार, आणि ज्याने निवाडा करावा तो कागद नेमका तेथेच कोरा. यंत्राने मात्र क्षणात निकाल दिला. त्याला अण्णा ठाऊक नव्हते, वहिनी ठाऊक नव्हत्या. त्याने पाहिलेल्या असंख्य चित्रांत समारंभातील माणसे बहुधा हसतात, म्हणून आमची आईही हसली.

माझी सारी नोकरी मध्य प्रदेशच्या महसूल खात्यात गेली. नायब तहसीलदार असताना नक्कल विभागातील एका वृद्ध लिपिकाने मला एक धडा दिला. जीर्ण खसऱ्याची नक्कल देताना एका शेतकऱ्याच्या नावापुढचा आकडा वाळवीने खाल्ला होता. आजूबाजूच्या नोंदींवरून तो काय असावा हे मला दिसत होते, म्हणून मी तो लिहायला सांगितला. ते नम्रपणे म्हणाले, “साहेब, आपला अंदाज बरोबरही असेल. पण नक्कल म्हणजे जे आहे ते.” आणि त्या जागी त्यांनी ‘अपठनीय’ असे लिहिले. त्यामागचे कारण पुढे अनुभवाने उमगले. १९५९ च्या भू-राजस्व संहितेनुसार अभिलेखातील नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. एकदा चढलेला अंदाज पुढच्या वर्षी नोंद होतो, आणखी दहा वर्षांनी हक्क होतो, आणि ज्याची जमीन जाते त्याला आपण कोठे हरलो हेही कळत नाही.

यावर कोणी म्हणेल, छायाचित्रे सजवणे काय आजचे आहे? आक्षेप योग्य आहे. आमच्या पणजोबांच्या छायाचित्रात पगडीला लाल रंग कुंचल्याने भरलेला आहे. आपल्या इंदुरातच सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी करीत असताना लाला दीनदयाळ कॅमेऱ्याकडे वळले आणि पुढे हैदराबादेत निजामाचे छायाचित्रकार म्हणून नावाजले. त्यांच्या काळीही छायाचित्रांना हाताने रंग चढवण्याची रीत होतीच. पण तो रंग आपण रंग आहोत हे लपवीत नसे. शिवाय काचेची पट्टी फुटली तर तडा सर्वांना दिसे.

म्हणून दुरुस्ती आणि रचना यांत भेद करावा लागतो. बिघडलेल्या छायाचित्राचा आरंभीचा भाग नष्ट झाला असेल, तर त्याच कॅमेऱ्याच्या दुसऱ्या चांगल्या छायाचित्रातून तो उसना आणता येतो. एका ठोकळ्याचा उजेड मागच्या ठोकळ्याशी असलेल्या फरकाने लिहिलेला असतो, त्यामुळे एक चूक झाली तर पुढचा सारा रंग सरकतो. तोही पूर्ववत करता येतो. यात गैर काही नाही, कारण त्या दिवशी भिंगातून आत आलेला प्रकाशच आपण पुन्हा बाहेर काढत असतो. जेथे तो प्रकाश संपतो तेथे दुरुस्तीचा अधिकार संपतो. त्यापुढे जे होते ते चित्र काढणे. चित्र काढू नये असे मी म्हणत नाही. पण त्याला चित्रच म्हणावे.

आपल्या परंपरेत हा विवेक नवा नाही. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. स्वतः एवढे समर्थ कवी असूनही त्यांनी, या ग्रंथात कोणी आपली ओवी घालू नये, असे बजावून ठेवले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ पासून १९६६ पर्यंत खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तीत जो पाठ निःसंशय नाही त्याखाली नागमोडी रेघ आहे. संपादकांना उत्तम संस्कृत येत होते, आणि म्हणूनच ती रेघ मोलाची आहे. ज्याला जागा सहज भरता येते त्याने ती न भरणे, यालाच संयम म्हणायचे.

हे सर्व मी बहिणीला सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “दादा, मला पुरावा नकोय रे. मला आई हवी आहे.” यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. दुःखी माणसाने सांत्वन कोठून घ्यावे हे ठरवण्याचा अधिकार दुसऱ्याला नसतो. ती म्हणाली, खाली ‘पूर्ण केलेले चित्र’ असे लिहू, मग तर झाले? पण लिहिलेले खाली राहते आणि चित्र तेवढे एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जाते, हे आपण रोज पाहतो. आमच्या पणतवंडांपर्यंत ते विनाटीप पोहोचेल. तेव्हा आईने त्या दिवशी काय सोसून वहिनींच्या हाती तबक दिले, की आनंदाने दिले, हा प्रश्नच कोणाला पडणार नाही. माझी आठवण खोटी ठरली तर मला त्याचे दुःख नाही. पण ती साक्षीने खोटी ठरावी, सरासरीने नव्हे.

शेवटी तडजोड झाली. दुसऱ्या चित्राची एक कागदी प्रत बहिणीने घेतली आणि तिच्या पाठीवर तिने स्वतःच्या हाताने तारीख आणि हकीकत लिहिली. संगणकावरील त्याची फाइल भाच्याने आम्हा सर्वांसमक्ष काढून टाकली. आमच्या बैठकीत भिंतीवर आहे ते अर्धे छायाचित्र, करड्या पट्ट्यासह, आणि शेजारी टपाल तिकिटाएवढी ती शाबूत प्रतिमा.

येणारे-जाणारे विचारतात, हे असे का लावले आहे? मग सगळे सांगावे लागते: अण्णा, वहिनी, तबक, आणि माझ्या हातून अवेळी उघडले गेलेले झाकण. परवा वहिनी आल्या होत्या. त्या बराच वेळ त्या भिंतीपुढे उभ्या राहिल्या आणि मग म्हणाल्या, “तेव्हा एकदा वर पाहायला हवे होते.”